सायकलीचा मंगळवार

आमच्या कार्यालयात सायकलीचा आदेश आला तेव्हा मला नवी मोटरसायकल घेऊन महिनाही झाला नव्हता. सीटवरचा प्लास्टिकचा कागद मी अजून काढला नव्हता. बायको म्हणायची, "काढा जी तो कागद, उनात चटका बसते." मी म्हणायचो, "राहू दे. नवी हाये हे लोकाईले दिसलं पाहिजे."

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण मला अजून तिथूनच निवृत्त व्हायचं आहे. राहतो मात्र माझ्याच खेड्यात. घरून निघालं की आधी तलावाची पाळ, मग धानाच्या बांध्या, मग जंगलाचा एक पट्टा, आणि तो संपला की तालुक्याचं गाव. मोटरसायकलवर हे अंतर एका खर्ऱ्याचं. गावच्या ठेल्यावर तोंडात टाकलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा कार्यालयाच्या फाटकाबाहेर थुंकला की मी हजर.

साहेब नवे होते. सातारा-सांगलीकडचे, तरुण, अंगानं काटक. बोलणं एकदम पुस्तकासारखं स्वच्छ. आम्ही त्यांच्यासमोर बोलताना आपोआप 'मला', 'तुम्हाला' म्हणायला लागायचो आणि तिसऱ्या वाक्याला घसरून 'मले', 'तुमाले' वर यायचो. त्यांच्याकडे गिअरची सायकल होती, डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे. पहिल्या दिवशी ते तसेच कार्यालयात शिरले तेव्हा आमच्या शिपाईभाऊंनी त्यांना दारातच अडवलं होतं. म्हणाले, "कुरिअरवाल्यानं बाहेर थांबाचं."

तर अशा साहेबांना वरून एक आदेश आला. कर्मचाऱ्यांना सायकलने व पायी कामावर येण्यास प्रोत्साहन द्यावे. दुसऱ्या कोणी हा कागद फाईलला लावून टाकला असता. आमच्या साहेबांनी सभा घेतली. आरोग्य, पेट्रोल, प्रदूषण सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "दर मंगळवारी आपण सगळे सायकलने किंवा पायी येणार. आल्यावर सायकलसह फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा."

शिपाईभाऊंनी मागून हात वर केला.

"साहेब, मी त रोजच सायकलनं येतो. मंगळवारी मंग काय करू?"

"तुम्ही तसेच या."

"म्हणजे ह्या लोकाईचा फोटो निघन, आन माहा नाई?"

"तुमचाही काढू ना."

"रोजचा का फक्त मंगळवारचा?"

साहेब जरा विचारात पडले. शिपाईभाऊ उभ्या जन्मात एकाच काळ्या सायकलवर फिरलेले. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, ताप असताना, पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटतानाही. त्यांना आजवर कोणी शाबासकी दिली नव्हती, आणि आता आठवड्यातून एकदा सायकल चालवणाऱ्यांचं कौतुक होणार होतं. त्यांचा राग साहेबांना पटला. लगेच गुलाबाचं फूल मागवलं, शिपाईभाऊंचा सत्कार केला, आम्ही टाळ्या वाजवल्या.

याचा परिणाम भलताच झाला. दुसऱ्या दिवशी शिपाईभाऊ जावयाची स्कूटी घेऊन आले. साहेबांनी विचारलं तर शांतपणे म्हणाले, "आज बुधवार हाये साहेब. सायकल मंगळवारी." सरकारी मोहिमेत सामील झाल्यावर नियम पाळलेच पाहिजेत असं त्यांचं म्हणणं होतं. आदेश येण्याआधी, साहेब सोडले तर, आमच्या कार्यालयात रोज सायकलने येणारा एक माणूस होता. आदेश आल्यावर एकही उरला नाही.

माझ्यापुढे प्रश्न होता सायकलीचा. घरात एकच होती. पोरगी आठवीत असताना तिला शाळेतून मिळालेली, गुलाबी रंगाची, पुढे जाळीचं बास्केट असलेली. पोरगी आता नागपूरला शिकते. सायकल गोठ्यात भिंतीला टेकवून होती आणि बास्केटमध्ये आमची कोंबडी अंड्यावर बसली होती.

मी कोंबडीला उठवायला गेलो तर बायको आडवी आली. "पिल्लं निघू द्या. मंग न्या."

"अगं, शासनाचा आदेश हाये."

"कोंबडीले सांगा आदेश."

शेवटी बास्केटच सोडवून कोंबडीसकट जमिनीवर ठेवलं आणि पहिल्या मंगळवारी मी बिनबास्केटच्या गुलाबी सायकलवर निघालो. सीट पोरीच्या मापाची होती. पॅडल मारलं की गुडघा छातीला लागायचा. तलावाच्या पाळीवर सकाळी जाळी ओढून मासे वेगळे करणारी मंडळी असते. त्यांनी मला पाहिलं आणि जाळी तशीच धरून सगळे उभे राहिले.

"का भाऊ, शुगर निघाली का?" एकानं ओरडून विचारलं.

"नाई गा, ऑफिसचा नियम हाये!"

"हव हव," तो म्हणाला. त्याचा विश्वास बसलेला नव्हता हे स्पष्ट दिसत होतं. दारात नवी गाडी असताना पन्नाशीचा माणूस पोरीच्या सायकलवर घाम गाळत जातो, याचं दुसरं कारण गावाला सुचणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी घरी परतलो तर अंगणात चार बाया बसलेल्या. एकीनं जांभळाच्या बियांची पूड आणली होती. दुसरीनं कारली. तिसरी काहीच न आणता आली होती, पण तिच्या मामेसासऱ्याचा अंगठा कसा कापावा लागला ते तपशीलवार सांगत होती. बायको कपाळाला हात लावून बसलेली. मला पाहताच म्हणाली, "सांगाचं नाई का मले? मी काय परकी हाओ?"

"अगं मले काई झालं नाई!"

"मंग हे सायकलचं काऊन?"

मी आदेशाचा फोटो मोबाईलवर दाखवला. तिनं तो वाचला, दुसऱ्या बाईनं वाचला. मामेसासऱ्यावाली म्हणाली, "सरकारनंच काहाडला म्हणजे सगळ्याच बाबू लोकाईले शुगर हाये." रात्री जेवणात भात अर्धाच वाढला गेला. धानाच्या मुलखात माणसाचा भात तोडणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. दुसऱ्या दिवशी धानोऱ्याहून माझ्या सासूबाईंचा फोन आला. त्या फोनवर रडल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मी आमच्या घरात गोड चहा पाहिला नाही.

अर्थात मी यातून मार्ग काढला. तालुक्याच्या गावात शिरताना एक चहाची टपरी आहे. ती गुलाबी सायकल मी कायमचीच त्या टपरीमागे ठेवून दिली. मंगळवारी मोटरसायकलवर टपरीपर्यंत यायचं, ती मागे लावायची, आणि तिथून सायकलवर कार्यालयात. ही युक्ती माझ्यापुरती राहिली असती तर टिकली असती. पण आमच्या भांडारपालाला ती कळली. मग आवक-जावकच्या माणसाला. मी फाटकात पोचून फोटो काढला की एकजण सायकल परत टपरीवर न्यायचा, दुसरा तिच्यावर बसून यायचा, फोटो काढायचा, मग तिसरा. आमच्या लेखा शाखेच्या बाई तेवढ्या प्रामाणिक. त्या एसटीनं येतात. स्टँडवर उतरून रस्ता ओलांडला की कार्यालय. त्या म्हणाल्या, "मी त पायीच येतो बाप्पा." त्यांचाही फोटो निघायचा, चपलांसकट.

थंडी सरली. साहेबांनी एक दिवस सगळे फोटो मोठ्या पडद्यावर लावून पाहिले आणि आम्हाला बोलावलं.

"एक विचारू? सगळ्यांच्या सायकली गुलाबीच कशा?"

शिपाईभाऊ पाण्याचे ग्लास ठेवत होते. तेच म्हणाले, "साहेब, आपल्या तालुक्यात हाच रंग भेटते."

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पुढच्या मंगळवारी सकाळी मी तुमच्या गावाला सायकलने येतो. तिथून आपण दोघं सोबत येऊ. सोबत असली की कंटाळा येत नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. असं प्रेमानं बोलणाऱ्या साहेबाला काय उत्तर द्यायचं?

त्या मंगळवारी मी टपरीमागची सायकल घरी आणून, पुसून, चेनला तेल घालून अंगणात तयार उभा होतो. बायकोनं बास्केटही परत बसवून दिलं, कोंबडीचं काम केव्हाच झालं होतं. साहेब आले नाहीत. फोन आला.

"अहो, मी नाक्यावर आहे. जंगलाच्या अलीकडे. मला सोडत नाहीयेत."

मी मनातून इतका आनंदलो की सायकल तशीच ठेवून मोटरसायकलवर गेलो. जंगलाचा पट्टा ओलांडून नाक्यावर पोचलो तर साहेब हेल्मेट काखेत धरून उभे, आणि त्यांच्यासमोर रस्त्यात काठी आडवी धरून वनविभागाची गार्डबाई. वयानं माझ्या पोरीपेक्षा थोडी मोठी. खाकी वर्दी, पायात बूट, आणि चेहऱ्यावर अजिबात हसू नाही.

"ताई, मी शासकीय अधिकारी आहे," साहेब म्हणत होते.

"वाघाले कसं समजन?"

"पण शासनाचाच आदेश आहे सायकल चालवण्याचा."

"मले बी शासनाचाच आदेश हाये साहेब. मोहाची फुलं वेचाचा सीझन हाये, वाघीण पिल्लं घेऊन फिरून राह्यली. सकाळी ह्या रस्त्यानं पायी आन सायकलनं एकट्यानं जाऊ द्याचं नाई."

साहेबांनी मोबाईलवर त्यांचा आदेश दाखवला. गार्डबाईनं तिच्या मोबाईलवर तिचा दाखवला. दोघांनी एकमेकांचे आदेश नीट वाचले. एकाच सरकारनं एकीकडे म्हटलं होतं सायकलनंच जा, दुसरीकडे म्हटलं होतं सायकलनं जाऊ नका. मी मध्ये पडून म्हणालो, "साहेब, वरती मार्गदर्शन मागवू. तोवर मोटरसायकल." मार्गदर्शन मागवलं की वर्षभर काही होत नाही, हा माझा आजवरचा अनुभव.

पण साहेबांनी तिथूनच वनविभागाच्या साहेबांना फोन लावला. बराच वेळ बोलले. फोन ठेवून म्हणाले, "तोडगा निघाला. एकट्यानं जायचं नाही असं आदेशात आहे. आपण एकटे जाणारच नाही."

तोडगा असा होता: पुढच्या मंगळवारी माझ्या गावापासून सगळ्यांनी एकत्र निघायचं. पुढे वनविभागाची जीप, मागे आमच्या कार्यालयाची जीप, मध्ये सायकली. मी हळूच म्हणालो, "साहेब, पेट्रोल वाचवाले दोन जिपा?" ते म्हणाले, "सुरुवात महत्त्वाची."

तो मंगळवार मी विसरणार नाही. आमच्या गावाच्या चौकात सकाळी सकाळी दोन जिपा उभ्या. सगळं कार्यालय तिथं गोळा झालेलं. भांडारपालानं मेहुण्याची सायकल आणली होती, लेखाच्या बाई मागच्या जीपमध्ये बसल्या होत्या आणि "मी पायी येणारी हाओ, माहा यात नंबर नाई," असं सांगत होत्या. शिपाईभाऊ त्यांच्या काळ्या सायकलवर, शर्टाला इस्त्री. गावातली झाडून सगळी माणसं पाहायला. जांभळाची पूड आणणारी बाई माझ्या बायकोच्या कानाशी लागून म्हणाली, "लयच वाढली वाटते. जीप ठेवली सोबत."

निघालो. जंगलाच्या तोंडाशी गार्डबाई पुढच्या जीपमध्ये चढली. ड्रायव्हर दर वळणावर भोंगा वाजवत होता. वाघीण राहू द्या, पाखरूही रस्त्यावर दिसेना. वानरं तेवढी झाडावर बसून आम्हाला पाहत होती. माझे गुडघे छातीला लागत होते, पण खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. हवेत मोहाचा गोड, जड वास होता. मोटरसायकलवर रोज याच रस्त्यानं जातो, पण तो वास मला कधी आला नव्हता. तोंडात खर्रा असल्यावर कसा येणार?

जंगलाच्या मध्यावर माझी चेन उतरली. सगळा ताफा थांबला. गार्डबाई आणि तिचा एक सहकारी काठ्या घेऊन माझ्या दोन बाजूंना उभे, आणि मी मध्ये उकिडवा बसून काळ्या हातांनी चेन बसवतोय. तेवढ्यात रस्त्याच्या कडेच्या झाडीतून आवाज आला.

"का जी, मंत्री येऊन राह्यले का?"

पाहतो तर आमच्याच गावच्या चार बाया. एका मोठ्या मोहाखाली वाकून फुलं वेचत होत्या. टोपल्या अर्ध्या भरलेल्या. ना काठी, ना शिट्टी, ना जीप. अंधार फाटतानाच आल्या असणार. तीन टोपल्यांवर वाकल्या होत्या आणि एक म्हातारी नुसती उभी राहून चारी दिशांना पाहत होती. तीच त्यांची सुरक्षा.

माझ्या आजूबाजूला दोन गणवेशधारी माणसं उभी होती, माझी चेन उतरली म्हणून.

गार्डबाई चिडली. "सांगतलं होतं ना एकट्या येऊ नोका म्हणून! वाकलेला माणूस वाघाले जनावर दिसते!"

"एकट्या कुठी हाओ बाई, चौघी हाओ," म्हातारी म्हणाली.

"चला, जीपमधी बसा."

"आन मोह? आज नाई वेचला त उद्या जनावरं खातेत. साल इथूनच चालते आमचं."

गार्डबाईनं रस्त्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "साहेब, मी ह्याईले सोडून येऊ शकत नाई. तुमी मागच्या जीपसंगं जा."

साहेबांनी सायकल स्टँडवर लावली. हेल्मेट काढलं. मोजे काढले. त्या म्हातारीला विचारलं, "आजी, हे कसं वेचायचं?"

म्हातारी पाहतच राहिली. "खाली पडलेलं उचलाचं. अजून काय?"

आणि साहेब वाकले. मग शिपाईभाऊ वाकले. मग आम्ही सगळेच. लेखाच्या बाई जीपमधून उतरल्या, पदर खोचला आणि आम्हा सगळ्यांपेक्षा भरभर वेचायला लागल्या. लहानपणी आईसोबत वेचला होता म्हणाल्या, चाळीस वर्षांत हात लावला नव्हता. गार्डबाई आणि तिचा सहकारी पाळतीवर. दोन्ही जिपांचे ड्रायव्हर अधूनमधून भोंगे वाजवत. साहेबांना फूल आणि वाळकं पान ओळखता येत नव्हतं. म्हातारी त्यांच्या ओंजळीतून पानं काढून फेकत होती आणि म्हणत होती, "शिकलेला दिसत नाई हा पोरगा." कोणी तिला ते कोण आहेत ते सांगितलं नाही. साहेबांनीही नाही.

टोपल्या भरल्या, तरी फुलं उरली. ती माझ्या सायकलच्या बास्केटमध्ये घातली. बाया जीपमध्ये बसून गावाकडे परत गेल्या, आम्ही दुसऱ्या जीपसोबत पुढे. कार्यालयात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि बाहेर लोकांची रांग लागली होती. भांडारपालानं सवयीनं सगळ्यांचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. साहेब मधोमध, घामाघूम, समोर गुलाबी सायकल, आणि बास्केटमध्ये काठोकाठ मोहफुलं.

ग्रुपवर वरचे साहेबही होते. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. आमचे साहेब दार बंद करून बोलत होते, पण दार सरकारी असल्यामुळे नीट लागत नाही.

"नाही सर... नाही, दारूसाठी नाही सर... वेचला सर, आम्हीच... हो, कार्यालयीन वेळेत... सायकलचाच उपक्रम आहे सर..."

बाहेर आले तेव्हा कान लाल झाले होते. शिपाईभाऊंनी न सांगता चहा ठेवला.

साहेबांवर कारवाई झाली नाही. पण त्यांनी तो विषय तिथंच सोडला नाही. वनविभागाच्या साहेबांना पुन्हा भेटले, आमच्यासाठी जीप द्यायची तयारी होती तर ती बायांसाठी द्या म्हणाले. कसं पटवलं माहीत नाही, पण मोहाचा सीझन संपेपर्यंत रोज सकाळी जीप त्या पट्ट्यात उभी राहिली. बाया एकत्र जायच्या, एकत्र परतायच्या. आम्हाला मात्र त्या रस्त्यावर सायकलीतून सूट मिळाली. मी मोटरसायकलवर जीपजवळून जाताना गार्डबाई मान हलवायची. हसायची नाही.

पावसाळ्यानंतर साहेबांची बदली झाली. निरोपाला त्या म्हातारीनं माझ्या हाती वाळवलेला मोह पाठवला. माझ्या बायकोनं त्याचे लाडू करून दिले. साहेबांनी एक तिथंच खाल्ला आणि विचारलं, "हे खाऊन गाडी चालवली तर चालेल ना?"

नव्या साहेबांना सायकलीत रस नाही. मंगळवार आता इतर वारांसारखाच आहे. शिपाईभाऊ काळ्या सायकलवर परत आले आहेत, कारण जावयानं स्कूटी मागून घेतली.

यंदा मोहाच्या दिवसांत एका सकाळी मी जात होतो तर जीप तिथंच उभी. बाया वेचत होत्या. मी थांबून गार्डबाईला विचारलं, "या वर्षी बी आदेश आला का?"

"नाई," ती म्हणाली.

"मंग जीप कशी?"

"मागच्या वर्षीचा बंद करा असं कोणी सांगतलंच नाई." आणि पहिल्यांदाच ती हसली. "तुमी ऑफिसात कोणाले इचारू नोका भाऊ. जा."